मटलं की मटण

डॉक्टर नयनाबेन दार ढकलून बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढला आणि गुजरातीत बोलायला लागल्या. त्या वेळी शितोळ्यांच्या घरातलं कोण कुठे उभं होतं हे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. राजवर्धन सगळ्यांत पुढे होता, थोरला मुलगा म्हणून आणि सवयीनेही. त्याच्या बाजूला त्याची बायको शलाका. त्यांच्या मागे आई, आनंदीबाई, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत. आणि पार शेवटी, लिफ्टच्या दाराजवळ, इंदिराबाई, म्हणजे आत झोपलेल्या पिलाजीरावांची थोरली बहीण, करजणच्या आक्का. राजवर्धनने त्यांना "आत्या, तुम्ही निवांत बसा" म्हणून लांबची खुर्ची दाखवली होती. भावाचं एवढं दुखणं आणि हा निवांत बसायला सांगतो, याचा आक्कांना राग आला होता. म्हणून त्या खुर्चीत न बसता खुर्चीशेजारी उभ्या होत्या.

लिफ्ट आली, दार उघडलं, कुणीतरी स्ट्रेचर खडखडवत बाहेर काढलं. त्या खडखडाटातून आक्कांच्या कानावर पडलं ते एवढंच: "...मटी जशे. काका खाई शकशे."

आक्कांनी दोन्ही हात जोडून वरच्या ट्यूबलाइटला नमस्कार केला. तिथे देव नव्हता, पण वर बघायला तेवढंच होतं.

'मटणे' हा शब्द मराठीचा नाही. गुजरातीत दुखणं बरं झालं की ते मटतं. बडोद्याच्या मराठी घरांत असे कितीतरी शब्द पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन बसले, पण शितोळ्यांकडे हा शब्द ज्या थाटात आला तसा दुसरीकडे कुठे आला नसेल. पिलाजीराव लहान असताना त्यांना टायफॉइड झाला होता. वडील लक्ष्मणराव संस्थानाच्या पलटणीत होते, पलटण मोडल्यावर करजणला कापसाच्या जिनिंग कारखान्यात नोकरीला लागले. त्यांचं सगळं आयुष्य मराठी शिपायांत गेलेलं, गुजराती कानावरून जायची पण आत शिरायची नाही. एके दिवशी तिथल्या डॉक्टरांनी पोराच्या पोटावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "मटी गयुं, लक्ष्मणराव!" लक्ष्मणरावांनी ऐकलं 'मटन'. डॉक्टरांनी औषध सांगितलंय असं समजून ते तडक खाटकाकडे गेले. टायफॉइडमधून नुकत्याच उठलेल्या पोराला त्यांनी मटणाची नळी चोखायला लावली, आणि पोरगं जगलं. झालं, घरात कायदा झाला. ज्याचं दुखणं मटलं त्याच्यासाठी मटण. पहिली नळी त्याच्या ताटात. ती चोखून त्याने ताटावर टक् करून आपटेपर्यंत बाकी कुणी घासाला हात लावायचा नाही. गोवर, मलेरिया, मोडलेलं मनगट, सगळं या घरात असंच साजरं झालं. पिलाजीरावांच्या मुलीची, मोहनाची, कावीळसुद्धा, आणि त्यावरून डॉक्टरांची बोलणी खाल्ली ती वेगळी.

तेव्हा आक्कांनी काय केलं असेल ते सांगायलाच नको. त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि त्यांनी सुरतेला भाचीला फोन लावला.

"मोहना, तुझ्या आबांचं मटलं! रविवारी ये. मटण मी आणते."

नयनाबेननी खरं म्हणजे असं सांगितलं होतं: "जुओ, जाळी सरस बेसी गई छे. रोग तो छे ज, ए वात आपणी थई गई छे. पण ऊलटी मटी जशे. काका खाई शकशे. पोचुं खावानुं, हं. कठण के रेसावाळुं कंई नहीं, नहीं तो जाळी जाम थई जशे." म्हणजे जाळी नीट बसली, रोग आहेच, पण उलट्या थांबतील; खायचं ते मऊच, कठीण किंवा धाग्याधाग्यांचं काही नाही, नाहीतर जाळी तुंबेल. हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त राजवर्धन आणि शलाका यांनी ऐकलं. आनंदीबाईंनी ऐकलं की नाही, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

आता राजवर्धनबद्दल. तो खोटं बोलणारा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण अर्ध्यावर थांबण्याची कला त्याच्याइतकी कुणाला जमत नाही. वडील सकाळी खाल्लेला भात संध्याकाळी जसाच्या तसा ओकून टाकत होते. पाणीसुद्धा ठरत नव्हतं, नाकातून नळी घालून पोट रिकामं करावं लागत होतं. तेव्हा त्याने घरात सांगितलं, "जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ आहे, वाट दाबली गेलीय." खरं होतं. "पोट न फाडता, तोंडातून दुर्बीण घालून धातूची जाळी बसवायची, ती आत उघडते आणि वाट मोकळी होते." हेही खरं. ती गाठ कॅन्सरची आहे, यकृतात पसरली आहे, सर्जननी स्कॅन बघून कापण्यात अर्थ नाही म्हटलं आहे, आणि ही जाळी फक्त उरलेल्या दिवसांत दोन घास पोटात जावेत म्हणून आहे, हा पुढचा भाग त्याने एकट्या शलाकाला सांगितला, तोही गाडीत, काचा वर करून.

*

रविवारी सकाळी आक्का करजणहून एस.टी.ने आल्या. हातात स्टीलचा डबा, वर वर्तमानपत्र, वर पिशवी, तिला दोन गाठी. नागरवाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी डबा शलाकाच्या हातात दिला.

"खांद्याचं आहे. आणि नळ्या मोजून घेतल्यात. पिलाजी कुठाय?"

"गॅलरीत, आत्या. पेपर वाचतायत."

"काय खाल्लं सकाळी?"

"नाचणीची पेज. काल दहीभात खाल्ला, कुस्करून. सगळं ठरलं."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? जाळीने काम केलं. मटलं म्हणजे मटलं." आक्कांनी पदर खोचला. "आता ते तान्ह्या पोरासारखं पेजबीज बंद."

शलाका शाळेत विज्ञान शिकवते. अन्ननलिका, जठर, लहान आतडं, हे ती दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूने काढते. हातातला जड डबा घेऊन ती उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांपुढे ती चिंचोळी जागा आली, तिच्यात तारांची जाळी, आणि जाळीच्या तारांत अडकलेला मटणाचा धागा. मग त्याच्यामागे दुसरा. मग पुन्हा उलट्या, पुन्हा नाकात नळी, पुन्हा हॉस्पिटलातला तो हिरवा पडदा. सासऱ्यांना हे नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागेल. आणि का ते सांगितलं की सगळंच सांगावं लागेल.

गॅलरीतून पिलाजीरावांचा आवाज आला. चाळीस वर्षं मैदानावर पोरांना कवायत शिकवलेला आवाज, आजारात बारीक झाला होता तो दोन दिवसांत परत भरला होता. "आक्का आली का? आक्का, खांद्याचं आणलंस ना? मला मऊ तुकडा नको हं, चावायला काहीतरी पाहिजे. महिनाभर दात नुसते बसून आहेत!"

शलाकाने डबा ओट्यावर ठेवला आणि नवऱ्याला शोधायला गच्चीवर गेली.

गच्चीवर राजवर्धन आणि मोहना आधीच भांडत होते. मोहना आदल्या दिवशी सुरतेहून आली होती आणि आल्यापासून खुशीत होती. भांडणाचं कारण असं की ती म्हणत होती आबांना घेऊन सगळ्यांनी दिवाळीत सापुताऱ्याला जायचं, आणि राजवर्धन नुसता "बघू" म्हणत होता.

"बघू काय दादा? माझ्या सासऱ्यांना बघ. स्टेंट टाकून किती वर्षं झाली, रोज बॅडमिंटन खेळतात. त्यांच्या हृदयात आहे, आबांच्या पोटात. स्टेंट तो स्टेंटच ना?"

"नाही," शलाका म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. राजवर्धनने डोळ्यांनी खुणावलं, गप्प. इतके दिवस ती गप्प राहिली होती. पण खाली ओट्यावर डबा होता.

"आत्या मटण घेऊन आल्यात. आबा खांद्याचा तुकडा मागतायत. आता तू सांगतोस मोहनाला, की मी सांगू?"

राजवर्धनने सांगितलं. कठड्याला टेकून, खाली रस्त्याकडे बघत. या वेळी तो अर्ध्यावर थांबला नाही, कारण शलाका त्याच्या तोंडाकडे बघत होती. मोहनाला आधी काही समजेचना. "पण मग जाळी कशाला बसवली?" असं तिने दोनदा विचारलं. "बरं होणार नाही तर मग केलं कशाला हे सगळं?"

"जेवता यावं म्हणून."

"फक्त जेवता यावं म्हणून?"

"तू नव्हतीस इथे," राजवर्धन म्हणाला. "घोटभर पाणी प्यायचे आणि बादलीकडे बघत बसायचे. जेवता यावं हे फक्त नाहीये, मोना."

मोहना खाली बसली, तिथेच, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मग तिला राग आला, आणि आमच्या शितोळ्यांच्या मुलींचा राग फार सरळ असतो. "आणि हे तू मला फोनवर सांगू नाही शकलास? मी सासरी पेढे वाटलेत, दादा! आत्याचा फोन आला म्हणून पेढे वाटले मी!"

"मी आत्याला असं काही सांगितलं नव्हतं."

"मग तिला कोणी सांगितलं मटलं म्हणून?"

राजवर्धनला वाटलं शलाका काहीतरी बोलली असेल, शलाकाला वाटलं आईंनी धीर द्यायला म्हटलं असेल, आणि मोहनाला तर आता कुणावरच विश्वास ठेवावासा वाटेना.

"आता ऐका," राजवर्धन म्हणाला. "आईला काही माहीत नाही. तिला कळलं तर ती कोसळेल. आबांना तर मुळीच कळता कामा नये. चार दिवस आनंदात आहेत, राहू देत. शलाका, तू त्यांच्या ताटात फक्त रस्सा वाढ."

"आणि नळी?"

"नळी वाढ. आतला मगज मऊ असतो. चोखतील आणि संपलं."

"नळी आपटली की ते जेवायला बसतात, राजवर्धन. ती तर सुरुवात आहे. तुझे वडील आहेत, तुला माहीत नाही?"

"मग काढून घे तुकडे. विसरले म्हण."

"मटणाच्या दिवशी मटण वाढायला विसरले?" शलाका म्हणाली. मोहनाला त्यातही हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मघाशी ती भावाशी भांडत होती, आता वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. "सांगून टाका त्यांना," ती म्हणाली. "वहिनी बरोबर आहे."

"कोण सांगणार? तू?" राजवर्धनने विचारलं.

मोहनाने नकारार्थी मान हलवली. शलाकाने दुसरीकडे पाहिलं. मग तिघं खाली आली, काहीच न ठरवता.

*

स्वयंपाकघरात आक्का वाटण परतत होत्या आणि आनंदीबाई कणीक मळत होत्या. या दोघी एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या की घरातली बाकीची माणसं पाणी प्यायलासुद्धा आत येत नसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन आल्यापासून आनंदीबाई नणंदेला 'वन्सं' म्हणतात आणि नणंद त्यांना नावाने हाक मारून चुका सांगते.

"खोबरं जरा जास्त भाजायला हवं होतं," आक्का म्हणाल्या.

"हो, वन्सं."

"आणि तोंड का असं? भाऊ माझा बरा झाला आणि तू सुतक्यासारखी."

आनंदीबाईंचे हात कणकेत थांबले. त्यांना सगळं माहीत होतं. हे राजवर्धनच्या स्वप्नातही नव्हतं, पण त्यांना डॉक्टरांकडूनच कळलं होतं. घरी सोडायच्या दिवशी राजवर्धन खाली काउंटरवर गेला होता, पिलाजीराव गाढ झोपले होते, आणि नयनाबेन काय खायचं काय नाही ते समजावत होत्या. आनंदीबाईंनी मध्येच विचारलं होतं, "बेन, मटशे ने?"

"ऊलटी तो मटी गई, काकी."

"ऊलटी नहीं. एमनुं." म्हणजे ह्यांचं.

नयनाबेन खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या. "नहीं मटे, काकी. जाळी तो खाली रस्तो खोले." जाळी नुसती वाट मोकळी करते, दुखणं मटणार नाही, असं म्हणून मग त्यांनी सगळं सांगितलं, गुजरातीत, हळू, एकेका वाक्यानंतर थांबून. आनंदीबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुलाला सांगू नका मला कळलंय ते. त्याच्या मनाला लागेल."

म्हणजे मुलगा आईपासून लपवत होता आणि आई मुलापासून, दोघं एकमेकांना चहा देत होती आणि विचारत होती, झोप लागली का. असा हा कारभार.

त्यांना आता वाटलं, वन्संना सांगावं. त्यांचाही भाऊ आहे. त्यांनी कणकेचे हात तसेच ठेवून सुरुवात केली. "वन्सं, ह्यांना आज तुकडे नको वाढायला. डॉक्टरीण नको म्हणाली आहे. जाळीत अडकतं."

आक्कांनी झारा कढईच्या काठावर ठेवला. "आनंदी, एक बोलू? तू पहिल्यापासून माझ्या भावाच्या ताटात कमीच वाढलंस. तूप कमी, मीठ कमी, मटण वासापुरतं. त्याचं पोट आकसलं ते काही उगाच नाही."

हे बोलणं इतकं अन्यायाचं होतं की आनंदीबाईंना राग आलाच नाही. त्यांच्या मनात आलं, या बाईला जे वाटतंय ते खरं असतं तर किती बरं झालं असतं. माझ्या हातच्या मिठामुळे झालं असतं तर उद्यापासून मी मीठ वाढवलं असतं. त्या पुन्हा कणीक मळायला लागल्या. पण डोक्यात एकच गोष्ट राहिली. नवरा आज त्या ताटावर बसणार, नळी आपटणार, सगळे हसणार, आणि ते हसणं त्याला आणि वन्संना, दोघांनाच खरं वाटणार. ज्या माणसाने आयुष्यात कधी खोटी शाबासकी घेतली नाही, त्याच्याभोवती त्याचीच माणसं हे नाटक करणार.

*

पाट मांडले नव्हते, टेबलच होतं, पण पिलाजीराव पाटावर बसल्यासारखे ताठ बसले. महिन्याभरात शर्ट खांद्यावर सैल झाला होता. डोळे मात्र ताटाकडे. शलाकाने पळीने फक्त रस्सा घातला आणि पटकन मागे झाली. आक्कांनी तिच्या हातातून भांडं घेतलं, त्यात चांगला शोधून खांद्याचा तुकडा काढला, मग दुसरा, आणि वर मध्यभागी नळी ठेवली.

"घे, पिलाजी. मटलं की?"

"मटण!" पिलाजीराव ओरडले. असंच ओरडायचं असतं. राजवर्धन, शलाका आणि मोहना यांनीही म्हटलं, पण तिघांचं एकत्र आलं नाही, एकामागून एक पडलं.

पिलाजीरावांच्या ते लक्षात आलं. पोरांची रांग जरा वाकडी झाली तर पाठमोरं असूनही ज्यांना कळायचं, त्यांना हे कळणार नाही कसं? त्यांनी नळीकडे नेलेला हात तसाच ठेवून सगळ्यांकडे पाहिलं. मोहनाचे डोळे सुजले होते. राजवर्धन मिठाच्या सटाकडे बघत होता. त्यांना काही उमगेना. बरं झालेल्या माणसाकडे कुणी असं बघतं? की महिनाभर जागरणं झाली म्हणून सगळे असे? हात पुन्हा पुढे गेला.

तेवढ्यात आनंदीबाई वाकल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या ताटातली नळी उचलली.

कुणाला काय होतंय ते कळायच्या आत त्यांनी ती तोंडाला लावली, चोखली, आणि टेबलाच्या कडेवर आपटली. मग दोन्ही तुकडेही उचलून स्वतःच्या ताटात घेतले. त्या आठवड्यातून चार दिवस उपास करणाऱ्या बाई. नळी त्यांनी उभ्या जन्मात चोखली नव्हती. मसाला हनुवटीवर ओघळला होता तो त्यांनी पुसलाही नाही.

"आनंदी!" आक्का किंचाळल्या. "अगं, ज्याचं मटलं त्याची नळी असते!"

"हो, वन्सं," आनंदीबाई म्हणाल्या. "म्हणून घेतली."



पिलाजीराव बायकोकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "माझं मटलं नाही?"

"नाही."

"आई!" राजवर्धन उठला. "आई, तुला—"

"बस खाली," पिलाजीराव म्हणाले, आणि तो बसला. "तुला माहीत होतं?"

"हो, आबा."

"शलाका?"

"हो."

"मोहना, तुला?"

"सकाळपासून," मोहना कशीबशी म्हणाली.

"आक्का?"

आक्का एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. "काय माहीत होतं? मला काय माहीत असणार? माझ्या कानांनी ऐकलंय मी. डॉक्टरीण म्हणाली, मटी जशे!"

"ऊलटी मटी जशे म्हणाल्या त्या, वन्सं," आनंदीबाई म्हणाल्या.

"मग?" आक्का म्हणाल्या. "उलटीच तर होत होती त्याला. दुसरं काय होतं?"

राजवर्धनने मान खाली घातली, आणि दुसरं काय होतं ते आक्कांना हळूहळू कळत गेलं. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. बापाने एकदा चुकीचं ऐकलं होतं आणि भाऊ जगला होता. आपणही तसंच ऐकलं, मग या वेळी का नाही, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. मोहनाने त्यांना धरलं.

"सगळे बाहेर जा," पिलाजीराव म्हणाले. "आक्का, तूसुद्धा. आनंदी, तू थांब."

गेली सगळी. दार लोटलं गेलं. पलीकडच्या खोलीत आक्कांच्या रडण्याचा आणि राजवर्धनच्या "आत्या, पाणी घ्या" चा आवाज येत होता.

"काय आहे?"

"कॅन्सर. यकृतात गेलाय. कापता येत नाही म्हणाले."

"आणि ही जाळी?"

"वाट मोकळी करायला. घास खाली उतरावा म्हणून. त्यात धागा अडकला की पुन्हा बंद होईल, म्हणून तुकडे काढून घेतले मी."

"तोंडाने सांगायचं की."

"तोंडाने सांगायचं फावलं नाही मला, जमलंच नाही. चार दिवस प्रयत्न केला."

पिलाजीरावांना रागवायचं होतं, कुणावर ते ठरत नव्हतं. मुलावर रागवावं तर त्याने प्रेमापोटीच केलं होतं. डॉक्टरवर रागवावं तर तिने पेज घशाखाली उतरवली होती. आणि पोटात, जिथे महिनाभर दगड होता, तिथे आज काहीच दुखत नव्हतं, उलट भूक लागली होती. चांगली, कडकडून. मरायला टेकलेल्या माणसाला भूक लागते, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. हे सगळं एकाच माणसात कसं बसतं ते त्यांना समजेना.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"मी विचारलं नाही."

"का?"

"तो प्रश्न तुमचा आहे. तुम्ही विचाराल तेव्हा मी बरोबर येईन."

पिलाजीरावांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "रस्सा तरी चालेल ना?"

आनंदीबाईंनी चहाची गाळणी आणली. वाटीवर धरून रस्सा गाळला, खोबऱ्याचा चोथा चमच्याने दाबून बाजूला काढला आणि वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. दोघंही थांबली, महिनाभराच्या सवयीने. आनंदीबाईंचा पाय आपोआप टेबलाखाली बादली शोधायला लागला. बादली तिथे नव्हतीच, ती धुऊन गच्चीवर वाळत घातली होती.

काही झालं नाही. पिलाजीरावांच्या कपाळावर तिखटाने घाम आला. त्यांनी वाटी संपवली आणि पुढे केली. दुसरी वाटी गाळून होईपर्यंत ते पोटावर हात ठेवून बसले होते. दुसरीही गेली.

"आक्काने छान केलंय," ते म्हणाले. आणि मग, "उद्या पण कर."

"उद्या सोमवार आहे."

"असू दे. उद्या कर, परवा कर. मटल्यावरच मटण खायचं म्हटलं तर आता मला पुन्हा कधी मिळायचं नाही."

आनंदीबाईंना हसू आलं. त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं, ते त्यांनी थांबवलं नाही, तसंच वाहू दिलं. मग मसाल्याचं तोंड पदराने पुसून त्या उठल्या, दार उघडलं आणि पलीकडच्या खोलीत गेल्या. आक्का पिशवी आवरत होत्या. पाचची एस.टी. मिळेल म्हणत होत्या, इथे आता मला गमणार नाही म्हणत होत्या, माझ्यामुळेच झालं सगळं म्हणत होत्या.

आनंदीबाईंनी त्यांच्या हातातून पिशवी घेतली.

"वन्सं, आज जाऊ नका," त्या म्हणाल्या. "उद्या-परवाही नका जाऊ. रोजचं मटण मला एकटीला फावणार नाही."